वॉचडॉगमुळे बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतोय? टाइमआउट वाढवण्याआधी हे तपासा

बोर्ड टेबलावर दिवसभर नीट चालतो. प्रत्यक्ष जागेवर बसवला की कधी दोन तासांनी, कधी तीन दिवसांनी आपोआप रीसेट होतो. वॉचडॉग, म्हणजे कोडने ठरलेल्या वेळेत फीड केलं (पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं) नाही तर चिप रीसेट करणारा टायमर, बंद करून पाहिला तर रीसेट थांबतात, पण मग बोर्ड हँग होऊन तसाच बसतो. अशा वेळी पहिला हात जातो तो टाइमआउटकडे: १ सेकंदाचे ४ करा, ४ चे १० करा. त्याने रीसेट थोडे कमी होतातही, पण मूळ दोष तसाच राहतो आणि अडकलेला कोड आता आधीपेक्षा जास्त वेळ अडकून राहतो. टाइमआउटचा आकडा सगळ्यात शेवटी बदलायचा असतो. आधी रीसेट कोणी केला, मग सेटिंग खरंच बसली होती का, मग कोड नेमका कुठे थांबला होता, या क्रमाने गेलं तर बहुतेक वेळा आकड्याला हात लावावाच लागत नाही.

उदाहरणं मुख्यतः एसटीएम३२ एफ४ या मायक्रोकंट्रोलरवर दिली आहेत. बाकीच्या चिप्सच्या खोडी पुढे वेगळ्या दिल्या आहेत.

रीसेट नक्की कोणी केला

रिले ओढताना किंवा मोटर सुरू होताना सप्लाय क्षणभर बसला, तरी बाहेरून दिसणारं लक्षण तेच असतं: बोर्ड नव्याने सुरू झाला. म्हणून मेन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत रीसेटचं कारण वाचून ठेवा. एसटीएम३२ मध्ये ते आरसीसी, म्हणजे रीसेट आणि क्लॉक सांभाळणाऱ्या भागाच्या सीएसआर रजिस्टरमध्ये मिळतं. स्वतंत्र वॉचडॉगसाठी, म्हणजे आयडब्ल्यूडीजीसाठी एक बिट, विंडो वॉचडॉगसाठी दुसरा, सॉफ्टवेअर रीसेट, पॉवर-ऑन, ब्राउनआउट (सप्लाय खाली बसणं) आणि रीसेट पिन यांचे वेगवेगळे.

इथे दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिलं म्हणजे पिन रीसेटचा बिट. आतला कुठलाही रीसेट झाला की चिप स्वतःच एनआरएसटी पिन खाली ओढते, त्यामुळे वॉचडॉग रीसेटनंतरही पिनचा बिट लागलेला दिसतो. कोडमध्ये पिनची तपासणी आधी आणि वॉचडॉगची नंतर असेल, तर लॉगमध्ये कायम ‘बाहेरून रीसेट’ असंच येणार. पिनचा बिट सगळ्यात शेवटी तपासा. बाकी एकही बिट लागलेला नसेल तरच तो खरा. याच कारणाने ऑसिलोस्कोपवर एनआरएसटी खाली गेलेली दिसली म्हणून दोष बाहेरच्या सर्किटचा ठरत नाही. आतल्या रीसेटचाही किमान २० मायक्रोसेकंदांचा पल्स तिथे उमटतो.

दुसरं म्हणजे बिट साफ करणं. हे बिट आपोआप जात नाहीत, आरएमव्हीएफ बिट लिहून ते पुसावे लागतात. पुसले नाहीत तर आठवड्यापूर्वीचा वॉचडॉगचा बिट आजच्या साध्या सॉफ्टवेअर रीसेटनंतरही तसाच दिसतो आणि तपास भलत्या दिशेला जातो.

वॉचडॉगचा बिट लागला म्हणजे कोड लूपमध्ये अडकला होता, हा निष्कर्षही घाईचा आहे. बहुतेक स्टार्टअप फाइलींमध्ये गंभीर चूक झाल्यावर प्रोसेसर जिथे उडी मारतो तो हार्डफॉल्टचा हँडलर म्हणजे नुसता अनंत लूप असतो. चुकीच्या पॉइंटरमुळे हार्डफॉल्ट झाला, प्रोसेसर त्या लूपमध्ये फिरत बसला आणि वॉचडॉगने त्याला उठवलं. नोंद वॉचडॉगची होते, गुन्हा पॉइंटरचा असतो. हार्डफॉल्ट हँडलरमध्ये चुकीचा प्रकार सांगणारं सीएफएसआर रजिस्टर, म्हणजे हेक्स ई०००ईडी२८ या पत्त्यावरची किंमत, आणि स्टॅकवरचा पीसी (कोड जिथे होता त्या सूचनेचा पत्ता) रीसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये लिहा आणि मग रीसेट करा. हँडलरमध्ये वॉचडॉग फीड करू नका.

सेटिंग खरंच बसली का

‘२ सेकंद ठेवले आहेत, तरी अर्ध्या सेकंदातच रीसेट होतो.’ ही तक्रार आली की कारण जवळजवळ ठरलेलं असतं. रीसेटनंतर आयडब्ल्यूडीजीचा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ४ आणि रीलोड (जिथून उलटी मोजणी सुरू होते तो आकडा) हेक्स एफएफएफ, म्हणजे ४०९५ असतो; शून्य धरून ४०९६ पायऱ्या. ३२ किलोहर्ट्झला हिशेब केला तर ४०९६ गुणिले ४ भागिले ३२०००, म्हणजे ५१२ मिलीसेकंद. अर्धा सेकंद दिसला म्हणजे तुमची किंमत रजिस्टरमध्ये पोचलीच नाही.

न पोचण्याची कारणं दोन. एक, केआर रजिस्टरमध्ये हेक्स ५५५५ लिहून कुलूप उघडल्याशिवाय प्रीस्केलर आणि रीलोडवरचं लिखाण चिप गुपचूप टाकून देते. त्यानंतर एएएए लिहिलं, म्हणजे फीड केलं, की कुलूप पुन्हा लागतं. त्यामुळे मध्येच कुठल्या इंटरप्टने फीड केलं तर पुढची लिखाणं वाया जातात. दोन, ही लिखाणं वॉचडॉगच्या संथ क्लॉकच्या हद्दीत जायला काही चक्रं घेतात. तोवर एसआर रजिस्टरमधले पीव्हीयू आणि आरव्हीयू बिट लागलेले असतात आणि त्या काळात केलेलं दुसरं लिखाण लागू होत नाही.

चालणारा क्रम असा: सीसीसीसी लिहून वॉचडॉग सुरू करा, कारण त्यानेच वॉचडॉगला क्लॉक देणारा आतला एलएसआय ऑसिलेटर चालू होतो. मग ५५५५, मग प्रीस्केलर, मग रीलोड. एसआर शून्य होईपर्यंत थांबा आणि शेवटी एएएए. सुरू करण्याआधीच एसआरची वाट पाहत बसलात आणि एलएसआय बंद असेल, तर ती वाट संपत नाही. शेवटी दोन्ही रजिस्टरं परत वाचून लॉगमध्ये छापा. एवढ्या एका ओळीने कित्येक तास वाचतात.

ऑप्शन बाइटमध्ये, म्हणजे चिपमध्ये कायम राहणाऱ्या सेटिंगमध्ये, हार्डवेअर वॉचडॉग निवडला असेल तर तो वीज लागताच सुरू होतो, आणि तोही याच ५१२ मिलीसेकंदांवर. मुख्य प्रोग्रॅमच्या आधी चालणारा बूटलोडर फर्मवेअरचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, काढायला ७०० मिलीसेकंद घेत असेल, तर बोर्ड कधीच उभा राहणार नाही. बूटलोडरच्या सुरुवातीलाच फीड करा आणि किमती लगेच वाढवून घ्या. उलट प्रकारही होतो. बूटलोडरने वॉचडॉग सुरू केलेला असतो आणि ॲप्लिकेशनला त्याचा पत्ताच नसतो. आयडब्ल्यूडीजी एकदा सुरू झाला की रीसेटशिवाय थांबत नाही, त्यामुळे ॲप्लिकेशनमध्ये वॉचडॉगची एकही ओळ नसली तरी वॉचडॉग रीसेट येऊ शकतो.

२ सेकंद म्हणजे नक्की किती

एलएसआय हा आरसी ऑसिलेटर आहे आणि त्याचा भरवसा धरता येत नाही. एफ४ च्या डेटाशीटमध्ये तो १७ ते ४७ किलोहर्ट्झच्या दरम्यान कुठेही असू शकतो असं दिलं आहे; ३२ हा नमुना आकडा. त्याच कुटुंबातल्या एफ१ मध्ये नमुना ४० आणि मर्यादा ३० ते ६०. आता प्रीस्केलर ३२ आणि रीलोड १९९९ घेऊन ‘२ सेकंद’ ठेवले असं समजा. एकूण ६४००० चक्रं. ४७ किलोहर्ट्झच्या चिपवर ती १.३६ सेकंदात संपतात, १७ किलोहर्ट्झच्या चिपवर ३.७६ सेकंदात. एका बोर्डावर १.५ सेकंदाचं काम सुखरूप होतं आणि त्याच बॅचमधल्या दुसऱ्यावर रीसेट येतो, याचं कोडं इथे सुटतं. तापमानानेही तो सरकतो, म्हणून टेबलावर न दिसणारा रीसेट उन्हात ठेवलेल्या पेटीत दिसू शकतो.

हिशेब नेहमी वेगवान टोकाकडून करा. सगळ्यात लांब काम २ सेकंदांचं असेल तर कमीत कमी ३ सेकंद मिळायला हवेत. ४७००० गुणिले ३ म्हणजे १,४१,००० चक्रं. प्रीस्केलर ६४ घेतला तर २२०३, म्हणून रीलोड २२०२. नमुना चिपवर हे ४.४ सेकंद होतात आणि संथ टोकाला ८.३ सेकंद. आता दुसऱ्या बाजूने विचारा: बोर्ड ८.३ सेकंद अडकून राहिला तर चालेल का? हीटर चालू अवस्थेत अडकला तर? नसेल चालत, तर एलएसआय मोजून घ्या. एफ४ मध्ये तो टायमर ५ च्या चौथ्या चॅनेलला आतूनच जोडता येतो. मुख्य क्रिस्टलच्या मापाने त्याची खरी वारंवारिता काढून रीलोड दर बूटला ठरवला, की हा सगळा फैलाव आवळला जातो.

विंडो वॉचडॉगचा स्वभाव वेगळा. तो पेरिफेरल क्लॉकवर चालतो, त्यामुळे अचूक असतो, पण फार आखूड: ४२ मेगाहर्ट्झला जास्तीत जास्त ४९.९ मिलीसेकंद. शिवाय फीड उशिरा झालं तर रीसेट होतोच, लवकर झालं तरी होतो. कोड वेगवान केल्यावर किंवा ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर रीसेट सुरू झाले असतील, तर आधी विंडोची किंमत तपासा.

कोड कुठे थांबला होता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एफ४ च्या आयडब्ल्यूडीजीला रीसेटच्या आधी इंटरप्ट देण्याची सोय नाही. म्हणून एक मोकळा टायमर घ्या आणि वॉचडॉगच्या सगळ्यात आखूड वेळेच्या साधारण दोन तृतीयांशावर लावा. वरच्या उदाहरणात २ सेकंद. पण मग त्या २ सेकंदांचं काम सुरू करताना तो पुढे ढकलायला विसरू नका. जिथे वॉचडॉग फीड होतो तिथेच हा टायमरही शून्यावर आणा. सगळं ठीक असेल तर त्याचा इंटरप्ट कधीच येत नाही. आला, तर समजा एका सेकंदात वॉचडॉग येणार आहे आणि पुरावा गोळा करायला तेवढाच वेळ आहे.

त्या इंटरप्टला प्राधान्य ०, म्हणजे सगळ्यात वरचं, द्या. फ्रीआरटीओएस ही टास्क चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम (आरटीओएस) वापरत असाल, तर तिचा क्रिटिकल सेक्शन (मध्ये अडथळा नको असलेला कोडचा भाग) ठरावीक पातळीखालचेच इंटरप्ट अडवतो, त्यामुळे ० चा इंटरप्ट त्याच्या आतही पोचतो. मात्र त्यातून आरटीओएसचं एकही फंक्शन बोलवायचं नाही. हँडलरमध्ये एक्झिट-रिटर्न किमतीचा बिट २ पाहून मेन स्टॅक की प्रोसेस स्टॅक हे ठरवा. त्या स्टॅकवर आर० पासून आठ शब्द ठेवलेले असतात. २० बाइटवर एलआर (फंक्शनमधून परतण्याचा पत्ता) आणि २४ बाइटवर पीसी. हे दोन आकडे, चालू टास्कचा क्रमांक आणि एक खूणसंख्या तिच्या उलट प्रतीसह रॅमच्या अशा भागात लिहा, जो लिंकर स्क्रिप्टमध्ये नोलोड (सुरू होताना न भरला जाणारा) म्हणून वेगळा काढला आहे. वॉचडॉग रीसेटमध्ये रॅमची वीज जात नाही, मजकूर टिकतो. पुढच्या बूटला खूणसंख्या आणि तिची उलट प्रत जुळली तर आकडे छापा आणि त्याच बिल्डच्या ईएलएफ फाइलवर, म्हणजे पत्ते आणि कोडच्या ओळी यांची माहिती असलेल्या फाइलवर, ॲडर२लाइन हे साधन चालवा. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक समोर येतो. बिल्डची ईएलएफ फाइल जपून न ठेवल्यास हा सगळा खटाटोप फुकट जातो, तेव्हा ती आवृत्तीसोबत साठवा.

नोंद रिकामी आली तर तीही माहितीच आहे. रीसेट वॉचडॉगचा, पण ० प्राधान्याचा इंटरप्टसुद्धा पोचला नाही. म्हणजे कोणीतरी सगळे इंटरप्ट बंद करून बसलं होतं, किंवा प्रोसेसर फ्लॅशची वाट पाहत गोठला होता.

हा फ्लॅशचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा लॉग आतल्याच फ्लॅशच्या १२८ किलोबाइटच्या सेक्टरमध्ये लिहिता. सेक्टर भरला की पुसावा लागतो. एफ४०७ च्या डेटाशीटप्रमाणे ३२ बिट पद्धतीने पुसायला साधारण १ आणि जास्तीत जास्त २ सेकंद. ८ बिट पद्धतीने साधारण २ आणि जास्तीत जास्त ४ सेकंद. कोडही त्याच फ्लॅशमधून चालत असेल तर तेवढा वेळ पुढची सूचना वाचताच येत नाही. इंटरप्टही चालत नाहीत. वॉचडॉग १ सेकंदाचा असेल तर पुसणं अर्ध्यावर असताना रीसेट होतो. बूटनंतर लॉगचा कोड अर्धवट पुसलेला सेक्टर पाहतो, ‘खराब आहे, पुसा’ म्हणतो, आणि पुन्हा रीसेट. तीन-चार दिवस नीट चालून मग अखंड रीसेट होत राहणाऱ्या बोर्डाचं चित्र हेच असतं, कारण सेक्टर भरायला तेवढे दिवस लागतात. उपाय: पुसण्याआधी लागलीच फीड करा, वॉचडॉगची सगळ्यात आखूड वेळ पुसण्याच्या कमाल वेळेपेक्षा जास्त ठेवा, सप्लाय २.७ व्होल्टच्या वर असेल तर ३२ बिट पद्धत वापरा, आणि जमलं तर लॉग बाहेरच्या फ्लॅशवर न्या.

पीसी आयटूसीच्या, म्हणजे सेन्सर जोडणाऱ्या दोन तारांच्या बसच्या, वाट पाहणाऱ्या लूपमध्ये सापडणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. सेन्सर एक बाइट पाठवत असताना मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला तर सेन्सरला ते कळत नाही. तो एसडीए, म्हणजे डेटाची तार, खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट पाहत राहतो. नव्याने उठलेला कोड म्हणतो बस मोकळी नाही, आणि पुन्हा अडकतो. वॉचडॉगने सेन्सर रीसेट होत नाही, म्हणून हे चक्र वीज काढेपर्यंत सुटत नाही. दर बूटला आयटूसी सुरू करण्याआधी एससीएल (क्लॉकची) पिन ओपन-ड्रेन आउटपुट करा, एसडीए खाली असेल तर ती सुटेपर्यंत जास्तीत जास्त ९ क्लॉक द्या, मग स्टॉप द्या आणि त्यानंतरच पेरिफेरल चालू करा. सेन्सरची वीज एका मॉस्फेटवरून घेता येत असेल तर उत्तमच.

सोबत प्रत्येक थांबण्याला मर्यादा हवी. १०० किलोहर्ट्झवर एक बाइट ९० मायक्रोसेकंद घेते, ३२ बाइट सुमारे ३ मिलीसेकंद. क्लॉक अडवून न धरणाऱ्या सेन्सरला १० मिलीसेकंदांची मर्यादा भरपूर झाली. तिथे ‘कमाल’ हा स्थिरांक टाकणं म्हणजे मर्यादाच न ठेवणं. आणखी एक बारकी गोष्ट: एसटीच्या एचएएल लायब्ररीची मर्यादा सिसटिक या टायमरच्या इंटरप्टवर मोजली जाते. तेच फंक्शन सिसटिकइतक्या किंवा त्याहून वरच्या प्राधान्याच्या इंटरप्टमधून बोलवलं तर घड्याळ पुढेच सरकत नाही, आणि १० मिलीसेकंद कधीच पुरे होत नाहीत.

फीड कुठे करायचं

टायमर इंटरप्टमध्ये फीड करणं ही सगळ्यात वाईट जागा, आणि सगळ्यात जास्त दिसणारी. मुख्य लूप कुठेही अडकला तरी टायमर इंटरप्ट इमानेइतबारे येतच राहतो. वॉचडॉग तेव्हा फक्त टायमर जिवंत आहे का एवढंच पाहत असतो. तसंच प्रत्येक वाट पाहणाऱ्या लूपमध्ये फीड पेरून ठेवणं. त्याने रीसेट थांबतात हे खरं, पण बोर्ड कायमचा थांबला तरी वॉचडॉग काही बोलत नाही. साध्या सुपरलूपमध्ये फीडची जागा एकच: लूपच्या शेवटी, सगळी कामं झाल्याची खात्री करून.

आरटीओएसमध्ये प्रत्येक टास्कने हजेरी लावायची आणि एका देखरेख टास्कने सगळ्यांची हजेरी पाहून फीड करायचं. उदाहरणार्थ सेन्सर टास्क दर १०० मिलीसेकंदांनी चालतो, त्याला ५०० मिलीसेकंदांची सूट. डिस्प्लेला २ सेकंद. मोडेमशी बोलणाऱ्याला ६ सेकंद. देखरेख टास्क दर २५० मिलीसेकंदांनी उठतो आणि ‘आत्ता वजा शेवटची हजेरी’ सुटीपेक्षा जास्त आहे का पाहतो. कोणी हजर नसेल तर त्याचा क्रमांक नोलोड रॅममध्ये लिहून स्वतःच सॉफ्टवेअर रीसेट करतो. नुसतं फीड थांबवलं तर मोडेमच्या बाबतीत ६ अधिक ८.३, म्हणजे १४ सेकंदांहून जास्त वेळ जाऊ शकतो. देखरेख टास्क स्वतःच मेला, तर त्यासाठी वॉचडॉग आहेच.

देखरेख टास्कचं प्राधान्य सगळ्यात वर ठेवा. खाली ठेवला तर एखादा टास्क प्रोसेसर खात बसल्यावर त्याची पाळीच येत नाही. रीसेट होतो, पण नोंद राहत नाही.

हजेरीसाठी एकाच शब्दातले वेगवेगळे बिट वापरू नका. दोन टास्कांनी वाचा-बदला-लिहा करताना एकमेकांना कापलं तर एक बिट हरवतो आणि आठवड्यातून एकदा विनाकारण रीसेट येतो. प्रत्येक टास्कला स्वतःचा ३२ बिटांचा व्हेरिएबल द्या, लिहिणारा तो एकटाच. वेळेची तुलना कायम वजाबाकीनेच करा. ‘आत्ता मोठं की हजेरी अधिक सूट मोठी’ असं लिहिलं असेल, तर १००० हर्ट्झच्या टिकला ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी पलटतो आणि शेतात, छपरावर, सगळीकडचे बोर्ड साधारण त्याच दिवशी रीसेट होतात. रांगेवर अनंतकाळ थांबणारा टास्क हजेरी लावू शकत नाही, म्हणून रांगेवरही सुटीच्या निम्म्याने मर्यादा घाला.

एखादा वरच्या प्राधान्याचा टास्क अधूनमधून गैरहजर दिसतो, पण त्याच्या कोडमध्ये काहीच चूक सापडत नाही, तेव्हा कुलुपांकडे, म्हणजे एकच गोष्ट दोन टास्कांनी एकदम वापरू नये म्हणून लावलेल्या म्युटेक्सकडे पाहा. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचे रीसेट याच प्रकारचे होते. खालच्या प्राधान्याच्या टास्ककडे म्युटेक्स, त्यावर वरचा टास्क थांबलेला, आणि मधल्या प्राधान्याचा टास्क खालच्याला चालू देत नाही. म्युटेक्सवर प्राधान्याचा वारसा (कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्याचं प्राधान्य तात्पुरतं देणं) चालू केल्यावर ते थांबले. फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला हा वारसा असतो, बायनरी सेमाफोरला नसतो. कुलूप म्हणून बायनरी सेमाफोर वापरला असेल तर तो बदला.

इतर चिप्सच्या खोडी

एटीमेगा३२८पी: वॉचडॉग रीसेटनंतर रीसेटचं कारण ठेवणाऱ्या एमसीयूएसआर रजिस्टरमधला डब्ल्यूडीआरएफ बिट लागलेला असेपर्यंत वॉचडॉग चालूच राहतो, तोही सगळ्यात आखूड १६ मिलीसेकंदांवर. जुना बूटलोडर तेवढ्यात आटपत नाही आणि बोर्ड एलईडी लुकलुकवत अखंड रीसेट होत राहतो. ऑप्टिबूट हा बूटलोडर घातला की सुटतं. बूटलोडर नसेल तर इनिट३ सेक्शनमध्ये आधी एमसीयूएसआर शून्य करा आणि मगच वॉचडॉग बंद करा. उलट क्रमाने बंद होत नाही. डब्ल्यूडीसीई आणि डब्ल्यूडीई हे बिट एकदम लावल्यावर नवी किंमत ४ क्लॉकच्या आत लिहायची असते, म्हणून तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद हवेत. ऑप्टिबूट एमसीयूएसआर पुसतो, त्यामुळे कारण कायम शून्य दिसतं. त्याच्या नव्या आवृत्त्या मूळ किंमत आर२ मध्ये ठेवतात, ती इनिट० मध्येच उचलावी लागते.

ईएसपी३२: टास्क वॉचडॉग ५ सेकंदांचा असतो आणि आयडल टास्कला (काहीच काम नसताना चालणाऱ्या) पाळी मिळते का हे पाहतो. नुसतं यील्ड करून उपयोग नाही, कारण ते आपल्याच किंवा वरच्या प्राधान्याच्या टास्कला वाट देतं. आयडल सगळ्यात खाली आहे. डिले द्यावा लागतो. इथे गंमत आहे: आयडीएफमध्ये, म्हणजे ईएसपी३२ च्या अधिकृत सॉफ्टवेअर संचात, टिक मुळात १०० हर्ट्झचा, म्हणजे १० मिलीसेकंदांचा. ५ मिलीसेकंदांचे टिक काढले तर भागाकार शून्य येतो, आणि शून्याचा डिले म्हणजे पुन्हा यील्डच. थेट १ टिक लिहा. आयडीएफच्या मूळ सेटिंगमध्ये हा वॉचडॉग फक्त संदेश छापतो, रीसेट करत नाही. रीसेट हवा असेल तर पॅनिकचा पर्याय चालू करा.

एमएसपी४३०: वॉचडॉग रीसेटनंतर चालूच असतो. मोठे ॲरे असतील तर मेनच्या आधी ते भरण्यातच वेळ संपतो आणि मेनची पहिली ओळ कधी येतच नाही. वॉचडॉग थांबवणं मेनच्या आधीच्या टप्प्यात न्या.

आरपी२०४०: चिपमधल्या दोषामुळे काउंटर दर टिकला दोनने उतरतो, त्यामुळे २४ बिटांतून जेमतेम ८.३ सेकंदच मिळतात. ८ स्क्रॅच रजिस्टरं वॉचडॉग रीसेटमध्ये टिकतात, पीसी ठेवायला ती चांगली. फक्त शेवटची चार बूटसाठी वापरली जातात, तेव्हा पहिल्या चारातच लिहा.

झोप, डीबगर, बाहेरचा वॉचडॉग

एफ१ आणि एफ४ मध्ये स्टॉप आणि स्टँडबाय या झोपेच्या अवस्थांमध्येही आयडब्ल्यूडीजी चालूच राहतो. जास्तीत जास्त १०,४८,५७६ चक्रं, एफ४ च्या वेगवान टोकाला २२.३ सेकंद. मिनिटभर झोपायचं असेल तर आरटीसी या चिपमधल्या घड्याळाने दर १५ सेकंदांना उठवा, फीड करा, परत झोपवा. एल४ सारख्या चिपमध्ये झोपेत वॉचडॉग गोठवण्याचे ऑप्शन बाइट आहेत.

ब्रेकपॉइंटवर थांबलं की रीसेट होत असेल तर डीबीजीएमसीयू या डीबगच्या भागातला आयडब्ल्यूडीजी थांबवण्याचा बिट लावा. तो लावलेल्या बोर्डावर घेतलेली वॉचडॉगची चाचणी मात्र ग्राह्य धरू नका. डीबगरची केबल काढून वीज बंद-चालू करूनच पाहा.

बाहेरची वॉचडॉग चिप लावली असेल तर तिचं रीसेट आउटपुट ओपन-ड्रेन हवं. पुश-पुल असेल तर चिपचा आतला रीसेट एनआरएसटी खाली ओढतो आणि बाहेरची ती वर धरते. प्रोग्रॅमिंग करताना पल्स देणारा कोणी नसतो, त्यामुळे फ्लॅश लिहिता लिहिता अर्ध्यावर रीसेट येतो. तिथे एक जंपर ठेवा. आणि तिला लागणारा पल्स हार्डवेअर पीडब्ल्यूएममधून देऊ नका. प्रोसेसर मेला तरी पीडब्ल्यूएम चालूच राहतो.

दुरुस्तीनंतर सिरियल पोर्टवर चार गुप्त आज्ञा ठेवा: इंटरप्ट चालू ठेवून अनंत लूप, इंटरप्ट बंद करून अनंत लूप, एक टास्क निलंबित करणं, आणि मुद्दाम हार्डफॉल्ट. चारही वेळा बोर्ड ठरलेल्या वेळेत उठला पाहिजे. पहिल्या वेळी लॉगमध्ये लूपची ओळ, दुसऱ्या वेळी रिकामी नोंद, तिसऱ्या वेळी टास्कचा क्रमांक आणि चौथ्या वेळी सीएफएसआर दिसला पाहिजे. दुसऱ्या चाचणीत बोर्ड उठलाच नाही, तर फीड अजून कुठेतरी हार्डवेअरच्या भरवशावर चाललेलं आहे. डीएमए किंवा पीडब्ल्यूएमकडे आधी बघा.